चार चाकं कधी, दोन कधी

डोंगरवस्ती, चौसाळा
२० मे २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या त्या बर्फातल्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून घरच्यांनी पत्राचं काम घरातल्या एकुलत्या ग्रॅज्युएटवर सोपवलं आहे.

वस्तीवरच्या पाच मुली सातवी झाल्या. पुढची शाळा चौसाळ्याला, आणि मधली काळी माती पावसात कशी होते ते तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या मुली तशाच घरी बसल्या. मी आप्पांच्या मागे लागले, की दुधाचे कॅन न्यायला गाडी हवीच आहे, तर मुलींनाही नेऊ. आप्पा तयार झाले. धुळाजीकाकांनी मात्र अट घातली, की ज्या दिवशी गाडी चिखलात बसली अन् शाळा बुडली, त्या दिवसापासून आमची विजू घरी. बाकीचे बाप त्यांच्याच तोंडाकडे बघतात.

जमीलचाचांच्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या आहेत. एक चकचकीत, ऑल-व्हील ड्राइव्ह. दुसरी फोर-व्हील ड्राइव्ह जीप, तिला एक जादा लिव्हर आहे. आप्पांना पहिलीच्या गाद्या लई आवडल्या. चारही चाकं दोन्हींची फिरतात, मग फरक काय? तू सैन्यात गाड्याच चालवतोस, तूच सांग. आई म्हणते, जेवतोस का ते आधी लिही.

थंडीत स्वतःला जप, आणि आमच्यावरचा लोभ तिकडे गोठू देऊ नकोस.

तुझी,
सायली

३ जून २०२४

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

जेवतो. वजन वाढलंय. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखव.

ऑल-व्हील गाडी आपलं आपण ठरवते. चाक घसरायला लागलं की जोर कुठं द्यायचा ते तीच बघते, चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. ओल्या डांबरावर झकास. पण तिचं पोट खाली असतं, आपल्या चिखलात ती टेकेल. जीप एरवी मागच्या दोन चाकांवर पळते. लिव्हर ओढली की पुढची-मागची चाकं एकमेकांशी बांधली जातात आणि ती चिखल तुडवत निघते. तुम्ही जीपच घ्या.

एक मात्र आप्पांना बजाव. कोरड्या डांबरावर लिव्हर ओढायची नाही. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जावं लागतं. बांधलेली असली तर ती एकमेकांना ओढतात, टायर घासतात, शेवटी आतले गिअर मोडतात. तू समजावायला बसलीस की भाषण होतं, तेवढं टाळ.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझा,
अभिमन्यूदादा

डोंगरवस्ती
१४ जुलै २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जीप घेतली. भाषणही झालं. आकृती काढून दाखवली, तर आप्पांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. चार चाकांचं यंत्र घेतलं अन् दोनावर कावून हाकू, असं त्यांचं म्हणणं. रोज डांबरी वळणावर गाडी करकरायची आणि त्यांना तो ताकदीचा आवाज वाटायचा. जमीलचाचा गॅरेजातून ओरडायचे, की आप्पा, गाडी रडती हाय, ऐका जरा.

शेवटी एकदा जीपमध्येच मी बैलांवर आले. आजोबांच्या मोठ्या नांगराला दोन जोड्या असायच्या. वळताना पुढची लांबून जायची, मागची आतून. दोन्ही जखडून टाकल्या असत्या तर? आणि बाजाराला जाताना चारही बैल जुंपायचे का? आप्पांनी लिव्हर परत जागेवर नेली. मग म्हणाले, हे आधी कावून न्हाई सांगितलं, तीन वर्षं कॉलेजात काय करत होतीस? मागच्या मुली खिदळल्या.

पण पटलं ते फारच पटलं. मंगळवारी रात्रभरच्या पावसानंतर ओढ्यापाशी मागची चाकं जागीच फिरू लागली, तरी आप्पा लिव्हरला हात लावीनात. धुळाजीकाका बांधावर उभेच होते, विजूला उतरवून घरी न्यायला. मी पुन्हा आकृतीच सांगायला लागले. तेवढ्यात विजू मागून किंचाळली, की आप्पा, हा बाजार न्हाई, वावर हाय, जुंपा की चारी! आप्पांनी लिव्हर ओढली. कॅनमधलं दूध हिंदकळलं, जीप हलली आणि धुळाजीकाकांच्या धोतरावर चिखल उडवत वर चढली. आम्ही प्रार्थनेला पोचलो.

संध्याकाळी काका घरी आले, धोतर तसंच. मला वाटलं, भांडायला आले. ओट्यावर बसून चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले. जाताना मात्र आईला विचारलं, की उद्या गाडी किती वाजता निघंल, विजूच्या वेण्या घालायला लई वेळ लागतो.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
सायली