तळ्यावरची शिट्टी

प्रिय रिस्तीनाताई,

आई बरी आहे. जेवते, कुत्र्यांवर ओरडते. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

मला रानातल्या खोपटात काम मिळालं आहे. विजेच्या तारांची घरघर तिथवर पोचत नाही, म्हणून लहरी टिपणाऱ्या आमच्या यंत्राला आकाश ऐकू येतं. बर्फगाडी, फोन, सगळं टेकडीपलीकडे ठेवून स्कीवरून जायचं. सध्या सूर्य उगवत नाही, तरी सकाळ झाली की यंत्राच्या हेडफोनमधून कानात पाखरांचा थवा किलबिलतो. रानात पाखरू मात्र एक नाही. आमच्या शास्त्रज्ञ केर्तूबाई सांगतात, वर विद्युतचुंबकीय लहरी असतात, त्यांना यंत्र आवाज देतं. पृथ्वीच्या चुंबकाच्या न दिसणाऱ्या दोऱ्यांभोवती विद्युतभारित कण गिरक्या घेत जा-ये करतात. लहरीचा ठेका गिरकीशी जुळला की कणाची वाट चुकते आणि तो आपल्या हवेत कोसळतो. आपल्या उत्तरेच्या आभाळातला लुकलुकता उजेड तो हाच. मी ताडून पाहिलं: कानात किलबिल चढली की वर आभाळ धपापतं.

हे कळल्यापासून आई कॉफीची किटली घेऊन खोपटात येऊ लागली. केर्तूबाईंनी तिला समजावलं, "अहो, झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसला की कसं होतं, तसंच हे." आई म्हणाली, "तेच विचारतेय मी, बाई. धक्का देतोय कोण?" केर्तूबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

बाबा तळ्यात बुडाल्यापासून आई डोक्याला रुमाल बांधत नाही. त्या उजेडाखाली आपल्या बायका उघड्या डोक्याने फिरत नाहीत, आणि शिट्टी तर कोणीच वाजवत नाही. उजेड खाली उतरून माणूस उचलून नेतो. मी आठवण करून दिली, तर म्हणाली, "नेऊ दे की. ओळखीचाच आहे."

गुरुवारी कानात एक लांब शिट्टी आली, उंचावरून खाली घसरत जाणारी. बाबा कुत्र्यांना बोलवायचे तशीच. बाहेर आलो तर आई खोपटासमोरच्या त्याच तळ्यावर, ओढा मिळतो तिथल्या पातळ बर्फावर, तोंडात बोटं घालून तीच शिट्टी वाजवत होती. पोटावर सरपटत जाऊन मी तिला ओढून आणलं. ताई, आमच्या यंत्राला माणसाची शिट्टी ऐकूच येत नाही. केर्तूबाई म्हणाल्या, "दूर दक्षिणेत वीज कडाडली की तिची लहर अशी शिट्टी होऊन इथे येते. योगायोग रे, दुसरं काय!" मला ते पटलं.

तू लिहिलं होतंस, आईला सांभाळ. सांभाळतो. रात्री तिचे बूट माझ्या उशाशी ठेवतो. पण काल सकाळी ती शिट्टी पुन्हा आली, तेव्हा आई घरी झोपलेली होती. मी खोपटाबाहेर आलो एवढं आठवतं. भानावर आलो तेव्हा टोपी काढलेली होती, पायांखाली तळ्याचा पातळ बर्फ कुरकुरत होता आणि माझी दोन बोटं ओठांवर होती. आईकडे मी लक्ष ठेवीन. माझ्याकडे ठेवायला तू ये.

अजून काठावर असलेला,
तुझाच निलस