मानेतला सांधा

मंगळवार, दिवेलागण

डॉक्टर म्हनले, मानेतली झिजलेली चकती काढून तिथं बनवलेलं हाड बसवू, म्हंजे तिथं भरायला कमरेचं हाड कापून घ्यायला नको. मी इचारलं, "प्लास्टरसारखं?" ते हसले. "तसंच समजा. हळूहळू तुमचंच हाड त्यात वाढेल."

पन प्लास्टर मला म्हाईत हाय. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे सांधे भरते मी. मान तुटून सांधलेली मूर्ती आमी गिऱ्हाइकाला देत नाय, रंगानं सांधा झाकला तरी. ती तिथंच तडकते. मग माझी मान?

सासूबाई म्हनल्या, "मूर्तीत हाड वाढतं का गो? तुझ्यात वाढंल. येडी कुठली!" हसू आलं, पन भ्या गेलं नाय.

आपरेशन नाय केलं तर हात बधिर होत जानार. आजच माझ्या लेकीला, चिऊला उचलली आन् ती हातातून सुटली. खाली गोधडी होती म्हनून बरं. रडलीबी नाय, पुन्हा हात वर केले. मी उचललीच नाय. खाली बसले, तीच चढली मांडीवर.

सारखा तो सांधाच दिसतो. भरलेला सांधा आमी सुकेपर्यंत हलवत नाय. मीबी नाय हलनार. उद्या डॉक्टरला व्हय सांगते.