पाळीखालची गंगा

गुरुवार, २४ जुलै १९७५
दत्ताच्या वारी नव्या घरात पाऊल पडलं. यांना बेसा गावापलीकडच्या संत्र्याच्या बागेवर दिवाणजीची नोकरी लागली. मालक गणपतराव शहरात, धंतोलीत राहतात. बाग त्यांची, तलाव त्यांचा, तलाव अडवणारी मातीची पाळही त्यांच्या आजोबांनी बांधलेली. पाळीच्या टोकाशी, उंचावर आमच्या दोन खोल्या. खाली ओढ्याकाठी मजुरांची बावीस घरं. राखणदार लहानूची बायको कौसल्या चूल पेटवून द्यायला आली. मी आधी देव मांडत बसले तर म्हणाली, देवाले घाई नाही वं बाई, तुह्या नवऱ्याले आहे, पाह्य कसा चुलीकडे पाहून राहिला. खूप हसलो. खिडकीतून सगळा तलाव दिसतो. देवानं भरभरून दिलं.

सोमवार, ११ ऑगस्ट
श्रावणातला पहिला सोमवार. बेल तोडायला पाळीच्या पायथ्याशी गेले, तर जमिनीतून पाणी उमळत होतं. काचेसारखं स्वच्छ, गार. आपोआप हात जोडले गेले. कौसल्येला म्हटलं, ही गंगा आहे, इथे कुणी धुणं धुवायचं नाही. खाली घागर लावून जपाला बसले. एक माळ पुरी झाली आणि घागर काठोकाठ भरली. प्रत्येक गोष्ट टिपून ठेवायची माझी सवय, म्हणून हेही लिहिते.

सोमवार, १८ ऑगस्ट
माझ्याच सांगण्यावरून झऱ्याशी कुंड खणलं, कमरेइतकं खोल. कडेनं दगड लावले, वर चार भिंतींची खोली, टिनाचं छत, लाकडी दार. विटा आणि टिन गणपतरावांनी दिलं. मोटारीनं येऊन नारळही फोडून गेले. पाळ अलीकडे ओली दिसते, असं यांनी सांगितलं तर म्हणाले, मातीची आहे दिवाणजी, घाम येणारच. आज घागर अर्ध्या माळेत भरली. बाया म्हणतात, मायची कृपा वाढून राहिली. मलाही तसंच वाटलं.

सोमवार, २५ ऑगस्ट
सकाळी तलावाची पूजा केली. पाळीला लागून पाण्यात ताटाएवढा भोवरा फिरतो आहे. एकशेआठ बेलाची पानं सोडली, प्रत्येकावर अष्टगंधाचं बोट. पानं गरगरत आत गेली. बायांबरोबर खाली आरतीला गेले, तर कुंडात पान वर आलं. मग दुसरं. तिसरं. गंधाचं बोट अजून पुसलेलं नव्हतं.
बायांनी फुगड्या घातल्या. मी दाराला धरून उभी राहिले. वरचं पान खाली येतं, म्हणजे मधे वाट आहे. पाळीच्या पोटातून.

गुरुवार, २८ ऑगस्ट
पाणी गढूळ. घागर वीस मण्यांतच भरली.
यांनी ओळखीच्या एका ओव्हरसियरना विचारलं. ते म्हणाले, झऱ्यावर लगेच रेती आणि गिट्टी टाका, पाणी गाळून येऊ द्या, माती येऊ देऊ नका, आणि तलाव उतरवा. तलावाचं पाणी सोडायच्या मोरीचं दार गंजून बसलेलं, चार माणसांनी हललं नाही. रेतीची बैलबंडी आणली तर बाया आडव्या बसल्या. कौसल्या म्हणाली, तूच म्हणली न गंगा आहे म्हणून, आता तिच्या तोंडात रेती काहून कोंबतं? मी म्हटलं, चुकलं माझं, ही गंगा नाही, तलाव फुटून राहिला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बाटले.

सोमवार, १ सप्टेंबर
तीन दिवस पावसाची झड. सात मणी. कुंडाच्या तळाशी माती साचते, रोज टोपल्यानं काढतात आणि प्रसाद म्हणून घरी नेतात.
पाळीच्या कडेला चर खणून पाणी सोडू का, असं यांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, उन्हाळ्यात माझी झाडं तुम्ही घागरीनं जगवणार का?
मी देवासमोर बसते. काय मागू ते सुचत नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
पोळा. बैल धुवून पाळीवरून आणत होते. लहानूच्या बैलाचा मागचा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओढून काढला. भोकाला कान लावला— आत पाणी धावतं आहे.
हे सायकलनं धंतोलीला गेले. मालकांना घेऊनच येईन म्हणाले.

शनिवार, ६ सप्टेंबर
हे आले नाहीत. पाऊस.
वही-पेन्सिल घेऊन खाली धावले— आकडे दाखवीन म्हणून. कुंडातून गाळ येतो आहे, सैल कणकेसारखा. ओरडले, पळा, पाळ जाते. केस सुटलेले, अंगभर चिखल— बायांनी पाहिलं आणि हात जोडले. म्हणाल्या, बाईच्या अंगात माय आली.
कपाळभर कुंकू. लेकरं पायावर घालतात. जितकी ओरडते तितकी माणसं जवळ येतात—

देवाच्या नावानं जन्मात खोटं बोलले नाही. आज बोलले. आवाज बदलून. मी गंगा सांगते, समोरच्या टेकडीवर जा, सगळे, शेळ्यासुद्धा, मागे पाहू नका.

गेले. सगळे गेले. कौसल्येनं जाताना मला खोलीत पाटावर बसवलं. म्हणाली, आम्ही येतपर्यंत ठाण सुनं नको राहू देऊ माय. बाहेरून कडी—

हाका मारल्या. टिनावर पाऊस. दार हलत नाही.

झरोक्यातून टेकडी दिसते. डोक्यावर पोती घेतलेली माणसं. चढताहेत. चढले. घरं रिकामी. देवा, घरं रिकामी—

कुंडाचे दगड आत पडले. आता पाणी नाही, पाळच येते आहे—

गुडघ्यापर्यंत.

कोणीतरी उतरतं आहे. कौसल्या. एकटी. हाका ऐकू गेल्या का— नको. नको येऊ वं. फिर मागे. मी गंगा सांगते तुला, परत