दोऱ्यापासून दोन बोटं

चिंगे,

आज प्रयोगशाळेत एका मुलीच्या केसांची बट तपासायला आली. पाकिटावर मुळाकडची बाजू खूण करून दाखवली होती, आणि मला दिवसभर तुझी वेणीच दिसत राहिली.

त्या पार्टीहून तू सकाळी परतलीस आणि दारातच म्हणालीस, "ताई, मी नुसतं सरबत प्यायले गं. पुढचं काहीच आठवत नाही." मी एका शब्दानं विचारलं नाही. पाणी तापवलं, तुला न्हाऊ घातलं, कपडे धुऊन वाळत टाकले. वाटलं, माया करतेय. पुरावा म्हणून जे उरलं होतं ते मीच मोरीत सोडून दिलं, हे या नोकरीत आल्यावर कळलं.

चार महिन्यांनी तू वेणी मुळापासून कापलीस. ती सुटू नये म्हणून मी कापलेल्या टोकाला दोरा बांधला आणि जपून ठेवली. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, आणि पोटात गेलेलं औषध धरून ठेवतो. चार महिन्यांचे साधारण चार सेंटीमीटर, म्हणजे दोऱ्यापासून दोन बोटांवर ती संध्याकाळ अजून गुंगीत पडलेली असेल. सापडेलच असं नाही.

केसातलं औषध शोधणारं यंत्र माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. वेणी पर्समध्ये घालून दोनदा तिथवर गेले, आणि परत आले. एकदा तुला न विचारता मी सगळं धुतलं. आता तुला न विचारता काही शोधणार नाही.

पण विचारायचं कसं, ते अजून जमत नाही. म्हणून हेही पत्र वेणीपाशीच ठेवतेय.

पाणी तापवणारी,
ताई