दिलदारची जागा

राजारामपुरी, कोल्हापूर
९ सप्टेंबर २०२४

प्रिय दिलदार,

सलाम. मलकापुरात पाऊस उघडला का? पक्षाघातानं तुझी वाचा गेल्यापासून फोन करायचं धाडस होत नाही. मीच बोलत राहतो आणि तिकडून नुसता तुझा श्वास ऐकू येतो. म्हणून लिहितोय. शबनूर बेटी, अब्बांना सावकाश वाचून दाखव.

इकडं कामाचं बरं चाललंय. परवा रस्त्याच्या खोदाईत फायनान्स कंपनीच्या गारगोटी शाखेची नेटवर्कची लाइन तुटली. दुसऱ्या कंपनीची लाइन तू आधीच घेऊन ठेवलेली, त्यामुळं काम थांबलं नाही. तरी तिथल्या मॅनेजरचा फोन आलाच. "दिलदारभाई हायत का?"

"गावाला गेल्यात," मी म्हटलं. सगळ्यांना हेच सांगत आलोय.

आठवतंय, त्या फायनान्स कंपनीचं काम मिळालं तेव्हा लोक विचारायचे, तुम्ही नेमकं करता काय? तू हसून म्हणायचास, "शाखाशाखांना नेटवर्कच्या लाइनी मिळवून देतो आणि त्या तुटल्या की टेलिफोन कंपन्यांशी भांडतो. दुसऱ्याची भांडणं भांडणारी कंपनी हाय आमची." त्या भांडणांवर आपली दोन्ही घरं उभी राहिली.

आता तो करार नव्यानं करायचाय. त्यासाठी त्यांच्या प्रियदर्शनी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. आधी तुझीच चौकशी केली. मग कागद पुढं सरकवून म्हणाल्या, "जबाबदार माणूस म्हणून अजून दिलदारभाईंचंच नाव आहे. ते परत येणार आहेत का?"

मी कागदावरच्या तुझ्या नावावर बोट ठेवलं.

"न्हाय," मी म्हटलं. "आता न्हाय येणार."

दिलदार, हे मी घरीसुद्धा कुणाजवळ बोललो नव्हतो. माझं मलाच ऐकवेना.

तुझ्या जागी अनुजाचं नाव दिलं. तूच शिकवलेली पोरगी. पण तुझ्या खुर्चीत बसायला तयार होईना. मी ओरडलो तिच्यावर, तेव्हा डोळे पुसत बसली. तेवढ्यात राधानगरी शाखेचा फोन आला.

"नमस्कार, अनुजा बोलतेय."

पलीकडून कुणी तुझं नाव घेतलं असावं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"ते आता कामावर नसतात," ती म्हणाली, आणि लगेच लाइनीची तक्रार विचारू लागली. अगदी तुझ्यासारखी. मला तिथं उभं राहवेना, जिन्यात जाऊन बसलो.

रविवारी तुझं सामान घेऊन येतोय. टोपी, चष्मा, शबनूरचा शाळेतला फोटो. तुझी जागा दुसऱ्याला दिली म्हणून तुझ्या तोंडून एक सणसणीत शिवी मिळाली असती तर हलका झालो असतो. तू तोंड फिरवलंस तरी मी उठणार नाही, तुझ्याजवळ बसून राहीन.

तुझ्याविना ऑफिस उघडायला शिकत असलेला,
कृष्णात