बिनआवाजाचा पीसी

४ मार्च, सोमवार
घरचा संगणक आज कायमचा गेला. बटण दाबलं, एकदा खोकल्यासारखा आवाज आला, बंद. वाईट वाटून न घेता याकडे संधी म्हणून पाहायचं.
हिला एका प्रकाशकाने काम दिलंय. मुलांच्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या, त्यांचं बोलतं पुस्तक काढणार आहेत. मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून ही घरात नुसती वस्तू इकडच्या तिकडे करत असते. तेव्हा चांगलंच झालं. काम एप्रिलअखेर द्यायचंय. हिची अट एकच, नव्या पीसीचा आवाज नको. माइक सगळं पकडतो म्हणे.
मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणाला, भाऊजी, तयार डबा उचला, संध्याकाळी काम सुरू. डबा! या माणसाने आयुष्यात कशाचाच नीट विचार केलेला नाही. मी एकेक पार्ट पारखून घेणार आणि स्वतः जोडणार. रविवारपर्यंत तयार. हिला शब्द दिला.

६ मार्च, बुधवार
ऑफिसात लक्ष नाही. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते, मी तक्रारींचे फोन घेतो. समोर प्रोसेसरचे रिव्ह्यू, कानात लिफ्टमध्ये अडकलेली एक बाई. तिला म्हटलं, धीर धरा, माणूस निघालाय. थोड्या वेळाने आठवलं, माणसाला सांगायचंच राहिलं. सांगितलं. सुटल्यावर बाई नको नको ते बोलली. लोकांना अजिबात दम नसतो.
शेजारच्या टेबलावरचा सर्वज्ञ (हे नाव आम्ही ठेवलंय, त्याला ते मनापासून आवडतं) म्हणतो, प्रोसेसर घ्यायचा तर वरचाच, खालचा घेणारे वर्षभरात रडत येतात. पटलं. मी रडणाऱ्यांतला नाही.

१० मार्च, रविवार
पीसी तयार नाही. पण विचारांच्या पातळीवर प्रचंड प्रगती.
ही विचारत होती, नुसतं वाचून रेकॉर्ड करायला एवढा प्रोसेसर कशाला. तिला उद्याच्या जगाबद्दल सविस्तर सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. म्हणाली, मला एप्रिलपर्यंतचंच जग पुरे. बायका दूरचं बघत नाहीत.

१३ मार्च, बुधवार
प्रोसेसर घेतला! एवढ्याशा चौकोनात केवढी ताकद. दुकानदाराने विचारलं, मदरबोर्ड कोणता आहे? म्हटलं, ते अजून ठरायचंय. तो म्हणाला, लोक साधारणपणे दोन्ही मिळून ठरवतात. मी साधारणांपैकी नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो बराच वेळ बघत राहिला.

१७ मार्च, रविवार
मदरबोर्ड आणला. प्रोसेसर त्यात बसत नाही. सॉकेट वेगळं. आधी वाटलं, जरा दाबलं तर बसेल. सुदैवाने तेवढ्यात हिने चहाला हाक मारली.
दुकानदाराने चुकीबद्दल चकार शब्द न काढता बोर्ड बदलून दिला. बोलला असता तर बरं झालं असतं. एवढंच सांगितलं, की या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, पडद्यावर काही दिसायला हवं असेल तर वेगळं कार्ड लागेल. दिसायला तर हवंच.
संकल्प: उद्यापासून नेटवरचा पीसीवाल्यांचा फोरम वाचणं बंद. मन शांत ठेवायचं.

१८ मार्च, सोमवार, सकाळी
फोरम वाचला. कार्डांवरून दोन माणसं एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचली होती, मध्येच कसं सोडणार. दाढी अर्धीच झाली. ऑफिसात तसाच गेलो.

२२ मार्च, शुक्रवार
कार्ड उत्तम. फक्त लांब. घेतलेल्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. मोठं कॅबिनेट घेतलं, एक बाजू पूर्ण काचेची. हिच्या टेबलावर ठेवल्यावर माइकला जागा उरली नाही. माइक सध्या फ्रिजवर.
हिने कॅबिनेटच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, आत कोणी राहायला येणार आहे का. विनोदबुद्धी शाबूत आहे, म्हणजे चिंतेचं कारण नाही.

२६ मार्च, मंगळवार
सर्वज्ञ म्हणतो, एवढा प्रोसेसर, एवढं कार्ड, म्हणजे आत भट्टी. पंखे हवेत. पुढे, मागे, वर. शास्त्र समजलं की निर्णय सोपा होतो. दिवे लागणारे घेतले. निळे की जांभळे यात दोन संध्याकाळी गेल्या. हिला विचारलं. म्हणाली, चार गोष्टी पाठ झाल्या माझ्या, पण रेकॉर्ड एकही नाही.
जांभळे घेतले.

३१ मार्च, रविवार
ही आता खालच्या मजल्यावर, गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन रेकॉर्ड करते. त्यांच्या क्लासच्या खोलीत जाड पडदे आहेत, जमिनीवर सतरंजी. तात्पुरती सोय. मीच माइकचा स्टँड खाली नेऊन दिला. बाईंचा लॅपटॉप पाहून दया आली. एक बटण गेलंय, तिथे चिकटपट्टी. त्यांना म्हटलं, थोडे दिवस सांभाळून घ्या. त्या म्हणाल्या, आम्ही मजेत आहोत.

६ एप्रिल, शनिवार
जोडणीचा दिवस. सकाळी स्वच्छ आंघोळ करून बसलो. सगळं बसलं. काही स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देतात.
बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. प्रोसेसर जळका निघाला बहुतेक. की बोर्ड? की दुकानदाराने सूड घेतला? घरभर फेऱ्या मारल्या. मेहुण्याचा फोन आला, उचलला नाही.

७ एप्रिल, रविवार
पॉवर सप्लायच्या मागे एक बटण असतं. ते बंद होतं. या गोष्टी कुठेच ठळक लिहीत नाहीत.
सुरू झाला! काचेतून जांभळा उजेड, सगळे पंखे एकदम. धावत खाली जाऊन हिला घेऊन आलो. ती दारातच थांबली. काहीतरी म्हणाली, पंख्यांमुळे ऐकू आलं नाही. जवळ येऊन पुन्हा म्हणाली, हा आवाज थांबतो ना? म्हटलं, नवीन आहे, रुळेल.

१० एप्रिल, बुधवार
रुळला नाही.
चाचणी घेतली. हिने ससुल्याची गोष्ट वाचली. ऐकताना वाटतं, ससुला विमानतळावर राहतो. मी हरणारा नाही. पीसीवर रजई टाकली. तापून बंद पडला. पीसी बाथरूममध्ये ठेवून माइकची वायर बाहेर आणून पाहिली. वायर पुरली नाही. मग सुचलं, पीसी जागेवर राहू दे, हिलाच कपाटात बसवावं. बसली बिचारी, माझ्या कोटांमध्ये, मांडीवर पुस्तक घेऊन. दार लावलं. थोड्याच वेळात स्वतःच उघडून बाहेर आली, केसांना लोकरीचे धागे.
म्हणाली, "अहो, मी एवढंच म्हटलं होतं. आवाज नको."
अगदी शांतपणे म्हणाली. म्हणजे मनावर घेतलेलं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार
कमी आवाजाचे पंखे शोधतोय. जर्मन चांगले की जपानी, यावर मतभेद आहेत. घाई करून चालणार नाही.
ही चहा घेऊन खाली जाते ती जेवायच्या वेळी येते. आज ऑफिसातून येताना बाईंच्या दाराशी थांबलो. किल्ली मागायला, माझ्या खिशात होती, पण ते नंतर आठवलं. आतून हिचा आवाज. म्हातारा कावळा बोलत होता, मग त्याची सून, मग पुन्हा कावळा. इतकी वर्षं एका घरात राहतो आम्ही, मला कावळा माहीतच नव्हता. बाई हसल्या, हीसुद्धा हसली, म्हणाली, पुन्हा घेऊ. बेल न वाजवता वर आलो. पीसी लावला. उजेड छान पडतो.

२६ एप्रिल, शुक्रवार
हिचं काम मुदतीत पूर्ण. प्रकाशक खूश, पुढची पुस्तकं आत्ताच देऊ केलीत. मी म्हटलं, बरोबर वेळेवर, नवे पंखे बसले की तू घरीच सुरू कर.
तिने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली, "राहू दे हो. मला तिथेच बरं वाटतं."
रोज सकाळची वेळ ठरवूनसुद्धा टाकलीय दोघींनी. मी म्हटलं, उत्तम. यंत्रावर सुरुवातीला फार ताण देऊ नये असं तज्ज्ञही म्हणतात. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. का ते कळलं नाही.

२८ एप्रिल, रविवार, दुपारी
दोघी प्रकाशकाला भेटायला गेल्यात. घरी मी एकटाच. पुस्तक पूर्ण ऐकावं म्हणून काल हिच्याकडून पेन ड्राइव्ह मागून घेतला, सगळं पीसीत कॉपी करून परत दिला. जवळजवळ क्षणात कॉपी झालं. शेवटी ताकद ती ताकद.
आता ऐकायला बसलो. पंख्यांपुढे शब्द कळेना. स्पीकर पूर्ण वाढवला. कान लावला. कावळा सुनेला काहीतरी सांगतोय, एवढंच समजलं. खिडकी लावली, दार लावलं, काही फरक नाही. शेवटी वैतागून पीसी बंद केला.
खोली एकदम शांत झाली. आता नीट ऐकू येईल म्हणून खुर्ची पुढे ओढून बसलो. बराच वेळ बसलो.
गोष्ट पीसीत आहे.