बी केबिनचा दुसरा भाग

बूढापारा, रायपूर
दि. १९ जानेवारी २०२०

चि. शर्मिष्ठा,
तुझ्या बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं कुरकुरते, पण ती स्वतः त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणून काळजीचं कारण नाही. सकाळी तलावाकडून धुकं येते. रेल्वेतला बाबाराव गार्ड रोज साडेसातले चहाले हजर असते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी एक मिनिट उशीर नाही.

तू म्हणशील, फोन सोडून बाबा चिठ्ठी काहून लिहून राहिले. फोनवर तुझी आई बाजूले बसते आणि मधातच बोलते, हे एक कारण. दुसरं पुढं येईल.

आई म्हणत होती की तू बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून राहिली. खेळ बनवायचं काम सोडते म्हणाली, "मेरे बस का नहीं है" म्हणाली. मी तेव्हा उठून पेपर आणायले गेलो. आता बोलतो, पण ओळीनं बोलू दे, मले घाई जमत नाही.

तुझा पहिला खेळ "बी केबिन" आला तेव्हा मले रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. तोवर मी फोनवर कोणता खेळ खेळलो नव्हतो. तू दिवाळीले आली, झोपाळ्यावर मले बसवलं आणि फोन हातात दिला. पडद्यावर माझ्या सिग्नल केबिनचे अठ्ठावीस लिव्हर. मी सिग्नलचा लिव्हर ओढायले गेलो, तो हलला नाही. आधी रूळ जोडायचा कांटा लावला, लॉक केला, मंग सिग्नल आला. असंच असते ते, रूळ जोडल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. आणि त्याच्याही आधी तुझ्या खेळातल्या माणसानं खुंटीवरचं फडकं हातात घेतलं. उघड्या हातानं लिव्हर धरला तर घामानं गंजते, हे मी तुले सात वर्षांची असताना सांगितलं होतं. आईसंगं डबा घेऊन केबिनच्या पायऱ्या चढून येत होती तू, एकवीस पायऱ्या, मोजत मोजत. खेळ पाहिला त्या दिवशी मी गच्चीवर कपडे काढायले गेलो असं सांगितलं होतं ना, कपडे नव्हतेच वाळत. मी रडायले गेलो होतो.

आणि तो प्रायव्हेट नंबर. रेल्वे फाटकावरच्या गेटवाल्यानं गेट बंद केलं की त्यानं आपल्या कागदावरचा एक दोन आकडी नंबर फोनवर सांगायचा. आपण तो परत म्हणून दाखवायचा, लिहायचा, मंग गाडी सोडायची. नंबर म्हणजे त्या माणसाचं वचन, की मी डोळ्यानं पाहिलं, रस्ता मोकळा आहे. हे लोकांले समजावता समजावता माझी जिंदगी गेली. तू पाच मिनिटांच्या खेळात समजावलं. आपल्या घरी तर तू सायकलनं शाळेत निघाली की माझ्यापासून नंबर घेतल्याशिवाय फाटक ओलांडत नव्हती. नोकरीसाठी पुण्याच्या गाडीत बसतानाही घेत होती. दसऱ्यापासून तू नंबर मागितला नाही, हे माझ्या ध्यानात आहे.

पहिल्या खेळानं मी पार फुगलो, पोरी. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणाले सोडलं नाही. समता कॉलनीच्या दवाखान्यात डोळे तपासायले गेलो तर डॉक्टरचाच फोन मागून त्याच्यात खेळ टाकून दिला. बाहेर सात पेशंट बसले होते.

मंग दुसरा भाग निघणार होता. तुमच्या कंपनीचे लोक आले, आपल्या गच्चीवर माझा फोटो काढला, जुनी टोपी घालून, हातात हिरवी झेंडी. पोस्टरवर लिहिलं, "असली स्विचमन ने पास किया है." मी त्याचं लॅमिनेशन करून आणलं. एक आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात लावलं, एक चहाच्या टपरीवर, एक बाबारावच्या दारावर. तो नको म्हणत होता.

जाहिरात तर किती सुंदर होती. धुक्यातलं रिकामं स्टेशन, कंदील, म्हातारा स्विचमन खुंटीवरचं फडकं घेते. आमच्या घरात ती चाळीस वेळा तरी लागली असंल.

पण खेळात त्यातलं काहीच नव्हतं. लिव्हर सोन्याचे. कोणताही कधीही ओढा, कांटा लागो न लागो. फडक्याच्या जागी विकत घ्यायचे चमचम हातमोजे. गेटवाल्याचा नंबर गेला, तिथं नुसतं "ओके" दाबायचं. आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की वरून नाण्यांचा पाऊस. अपघाताचं बक्षीस, शर्मिष्ठा. चौतीस वर्षं ज्या एका गोष्टीच्या भीतीनं माझी झोप सावध राहिली, तिच्यासाठी शाबासकी. मी फोन खाली ठेवून दिला.

आपल्या पहिल्या खेळाचे चाहतेही चिडले, ते तुले माहीतच आहे. जाहिरातीत दाखवलं एक आणि दिलं एक, असं जो तो लिहून राहिला. त्या सगळ्यांत तो एक "टायगर भाई" होता. त्याचं लिहिणं जिकडंतिकडं फिरलं. तू ते आईले फोनवर वाचून दाखवलं. फोन स्पीकरवर होता, मी समोर मटार सोलत बसलो होतो. त्याचे सगळे मुद्दे बरोबर आहेत, असं तू म्हणाली, आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. "ज्यानं हा खेळ बनवला त्यानं केबिनची एक पायरीही कधी चढलेली नाही." आई म्हणाली, मेला कोण आहे तो. मी म्हणालो, असंल कोणी रिकामटेकडा.

तो रिकामटेकडा मी होय.

माझ्या फोनमध्ये तुझाच आयडी टाकला आहे, म्हणून बाबारावच्या फोनवरून लिहिलं. त्याच्या भाचीनं त्याले त्या नावाचं खातं उघडून दिलं होतं. मले वाटलं, तुमच्या कंपनीत कोणी शहाणा नवा आणून बसवला असंल आणि त्यानं तुझा खेळ नासवला. तुले वाचवून राहिलो असं वाटलं मले. मटार सोलताना समजलं की ते वाक्य कोणाले लागलं. तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. मी उठून टरफलं गायीले टाकायले गेलो.

पण चिठ्ठी एवढ्यासाठी नाही. एवढं तर मी फोनवरही कबूल केलं असतं, चार दिवस लागले असते पण केलं असतं.

संक्रांतीले आशय आला होता, तुझ्या ऑफिसातला, भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा पोट्टा. तिळगूळ घेऊन आला. मी त्याच्यापुढं दुसऱ्या भागाले शिव्या द्यायले सुरुवात केली तर तो खाली पाहून राहिला. मंग म्हणाला, "काका, दीदी ने तो बहुत लड़ाई की थी." तू मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली होती की अपघातावर नाणी देणार असाल तर हा बी केबिन नाही, आणि माझे वडील हा खेळ कधीच पास करणार नाहीत. तेव्हा तुमच्या साहेबानं मोठ्या पडद्यावर माझा मेसेज लावला. लोक हसले. तू खाली बसली.

तो मेसेज मले आठवते. दसऱ्याले तू कंपनीनं बदललेला कच्चा खेळ पाठवला होता. संगं नेहमीसारखं हिंदीत लिहिलं होतं, "बाबा, ठीक से खेलके देखो और सच सच बताओ. मुझे आपके शब्द की ज़रूरत है." त्या दिवशी मंडळात माझा सत्कार होता. तुझ्याच खेळापायी. शाल, नारळ, आणि मी मधातल्या खुर्चीवर. मी फोन उघडला, पहिल्याच पडद्यावर माझा फोटो पाहिला, बाजूच्या माणसाले दाखवला आणि बंद केला. खुर्चीवर बसल्या बसल्याच लिहिलं, "एकदम फर्स्ट क्लास. जाऊ द्या गाडी."

चौतीस वर्षांत मी रूळ पाहिल्याशिवाय एकदाही लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायचा शब्द, दिला नाही. जी. एम. साहेबाची स्पेशल गाडी असो की कोळशाची मालगाडी, आधी खिडकीतून डोकं काढून पाहिलं. आणि पोटच्या पोरीले न पाहता दिला. तुले त्या मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणी खाली नाही बसवलं, मी बसवलं.

आणि तू मले सांगितलं नाही. तीन महिने. दिवाळीले घरी आली, माझं लॅमिनेशन केलेलं पोस्टर पाहिलं, "अच्छा दिख रहा है बाबा" म्हणाली आणि अनरसे खाल्ले. मी तुझ्या जागी असतो तर ते पोस्टर टराटरा फाडलं असतं. तू म्हाताऱ्याची शाल सांभाळली. हे ऐकल्यापासून मले स्वतःची लाज वाटते, आणि तुझा असा अभिमान वाटते की दोन्ही एका छातीत मावत नाही.

आता काय केलं ते सांगतो.

मंडळातलं पोस्टर स्वतः उतरवलं, संध्याकाळी, सगळे पेपर वाचत बसले असताना. काहून उतरवता विचारलं तर सांगितलं की मी न खेळता पास केलं होतं. टपरीवालं पण उतरवलं. बाबारावचं त्यानं आधीच उतरवलं होतं, त्याच्यावर पापड वाळत घातले होते.

टायगर भाईचं लिहिणं मी मिटवलं नाही आणि मिटवणार नाही. त्यातलं खरं ते खरंच आहे. केबिनच्या रजिस्टरात खोडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूले बरोबर ते लिहून सही करायची. म्हणून मी त्याच्याच खाली दुसरं लिहिलं, माझ्या नावानं. वासुदेव ठवकर, निवृत्त स्विचमन, रायपूर. शेवटचं वाक्य चूक आहे. ज्या पोरीचा हा खेळ, ती केबिनच्या एकवीस पायऱ्या मोजून चढलेली आहे. ती या भागाच्या विरोधात उभी राहिली होती. ज्याचा फोटो पोस्टरवर आहे त्या म्हाताऱ्यानं न पाहता पास केलं, तो मी. लोक खाली काय लिहून राहिले ते वाचलं नाही. तू वाचून सांग.

आणखी एक. आशयवर रागावू नको. तू आधी जो दुसरा भाग बनवला होता, कंपनीनं टाकून दिला तो, त्याच्याजवळ होता. मी हट्ट करून माझ्या फोनमध्ये घेतला. चार दिवस खेळलो, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, चष्मा लावून, कागद-पेन घेऊन. तुझ्या आईले वाटलं मी अभ्यास करून राहिलो.

धुक्यात रुळावर फटाके लावायचा प्रसंग मी दोनदा खेळलो. धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून ते फटाके, चाक त्याच्यावरून गेलं की ड्रायव्हरले समजते की सिग्नल जवळ आला. हे तुले कोणी सांगितलं? मी तर सांगितल्याचं आठवत नाही. विचारून विचारून शिकली असशील. पहिल्या भागात माझी केबिन होती. या भागातली केबिन तुझी आहे, माझ्याहून चांगली.

दोन चुका आहेत. मालगाडी बाजूच्या लूप लाईनमध्ये घेतली की शेवटचा डबा पूर्ण आत आला का, हे तुझा माणूस पाहत नाही. पाहिलंच पाहिजे, मागच्या डब्यावरची पाटी दिसल्याशिवाय गाडी आली असं म्हणायचं नाही. दुसरं, पाळी बदलायले रिलीव्हर आल्यावर तो चार्ज देते पण सही घेत नाही. या दोन दुरुस्त कर. बाकी मी डोळ्यानं पाहिलं.

कंपनी ठेवायची की सोडायची, ते तू ठरव. मले त्यातलं समजत नाही, आणि न समजता बोलण्याचं फळ आपण पाहिलं. पण हे काम सोडू नको. बँकेत माणसं पुष्कळ आहेत. खुंटीवरचं फडकं आधी घ्यायचं हे ज्याले सुचते, तो माणूस एक आहे.

आई म्हणते, लाडू पाठवून राहिली आहे. डब्यात तिळाचे वर, डिंकाचे खाली. आधी खालचे खा.

ही चिठ्ठी मिळाली की फोन कर. बाकी काही बोलली नाही तरी चालेल, रागावली तरी ऐकून घेईन. फक्त खालचा नंबर परत म्हणून दाखव. तो म्हणेपर्यंत मी इकडे लिव्हर धरून उभा आहे.

तुझा बाबा,
वासुदेव
स्विचमन, बी केबिन

रूळ पाहिला. रस्ता मोकळा आहे.
प्रायव्हेट नंबर सहा-तीन.